प्रोस्टेटला सूज आहे की नाही, हे रक्त तपासून कळतं का?

धुकेरी
मंडळी, थोडा खाजगी विषय आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मोठ्या भावाचा (वय ५६) नेहमीच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) ७.८ आला. रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरांत आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. त्या बाणाने घरात सगळ्यांची झोप उडवली आहे. डॉक्टर म्हणाले, 'प्रोस्टेटला सूज असेल, काही आठवड्यांनी पुन्हा बघू.' तपासणीच्या थोडं आधी दादाला लघवीला जळजळ होत होती, बसलं की खाली जडपणा जाणवायचा. ताप मात्र नव्हता. वहिनी म्हणते, थेट बायोप्सी (ग्रंथीचा तुकडा काढून तपासणी) करून एकदाचा निकाल लावा. दादा म्हणतो, मला काहीही झालेलं नाही.

प्रश्न असा, की रक्ताच्या तपासणीवरून सूज ओळखता येते का? आणि आकडा सुजेमुळे वाढलाय की कॅन्सरमुळे, हे सांगणारी आणखी एखादी तपासणी आहे का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. इथे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बोरूबहाद्दर
वाचतोय. माझंही वय त्याच पट्ट्यात आहे आणि हा आकडा आजवर तपासलेला नाही.

रानजाई
धुकेरी, आधी धीर धरा. आमच्याकडे बाबांचं झालं होतं ते अगदी वेगळं, म्हणून सांगते.

बाबांना संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घालूनही दात वाजत होते, पलंग हलत होता. आम्हाला वाटलं मलेरिया. रात्री लघवी जवळजवळ बंद झाली, थेंब थेंब यायची आणि प्रत्येक थेंबाला ते पलंगाची कड घट्ट धरायचे. दवाखान्यात नेल्यावर पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला, क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) थोडं वर. पण निदान झालं ते लघवीच्या तपासणीवर आणि बोटाने तपासल्यावर. प्रोस्टेट गरम, टणक आणि हात लावू न देण्याइतकी दुखरी होती. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) ई. कोलाय हा जिवाणू निघाला, रक्ताच्या कल्चरमध्येही तोच.

त्या वेळी मी डॉक्टरांच्या मागे लागले होते, की पीएसए पण करा ना. त्यांनी ठाम नकार दिला. म्हणाले, आत्ता तो वाढलेलाच येणार, त्यातून मला नवीन काही कळणार नाही आणि तुम्ही मात्र महिनाभर घाबरून राहाल.

पॅथकाका
रानजाईंच्या डॉक्टरांनी केलं ते अगदी योग्य. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे नळीतलं रक्त आणि काचेवरचा तुकडा हे दोन्ही माझ्या टेबलावर येतात. थोडं लांबलचक लिहितो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन आहे. त्याचं काम वीर्य पातळ करणं. ते ग्रंथीच्या नळ्यांमध्ये असावं, रक्तात अगदी नाममात्र. नळ्यांच्या भोवती पेशींचं अस्तर आणि त्याखाली पातळ पडदा असतो. हा बांध फुटला की पीएसए रक्तात झिरपतो. सूज आलेल्या ग्रंथीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे अक्षरशः दिसतं. नळीच्या पोकळीत पांढऱ्या पेशींचे पुंजके, अस्तर जागोजागी उसवलेलं, आणि बाहेरच्या बाजूला लिंफोसाइटची (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) दाट झालर. हाच बांध कॅन्सरमध्येही मोडतो. वयपरत्वे ग्रंथी वाढली तर बांध शाबूत असूनही आकडा चढतो, कारण पीएसए बनवणारं ऊतकच जास्त असतं.

म्हणजे प्रोस्टेटमध्ये काहीतरी चाललं आहे, इतकंच पीएसए सांगतो. काय चाललं आहे ते तो सांगत नाही. म्हणूनच सुजेच्या निदानासाठी पीएसए करावा असं युरोपीय युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही म्हणत नाहीत.

बाकीच्या रक्ततपासण्यांचं असं आहे: रक्ताचे घटक, सीआरपी, ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक तपासणी) यांतून शरीरात कुठेतरी दाह आहे एवढं समजतं. तो घशात आहे, सांध्यात आहे की प्रोस्टेटमध्ये, याचा पत्ता त्यांत नसतो. रानजाईंच्या वडिलांसारख्या तीव्र आजारात त्यांचा मोठा उपयोग होतो, कारण आजार किती गंभीर आहे आणि उपचार लागू पडतोय का, हे त्यावरून समजतं. जुनाट दुखण्यात मात्र हे सगळे आकडे बहुतेक वेळा नॉर्मल येतात.

गच्चीवरचा
>> जुनाट दुखण्यात मात्र हे सगळे आकडे बहुतेक वेळा नॉर्मल येतात.

या एका वाक्यासाठी पॅथकाकांचे आभार मानतो. मी त्या जुनाट गटातला आहे. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत सतत ठसठस, लघवी झाल्यावरही पूर्ण न झाल्यासारखं वाटणं, वीर्यपतनानंतर कळ. दर वेळी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं स्वच्छ. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की दुखतंय हे सांगायचीच चोरी झाली.

शेवटी एका युरॉलॉजिस्टने रक्ताची नळी बाजूला ठेवून मला एक प्रश्नावली भरायला दिली. तिचं नाव एनआयएच-सीपीएसआय (एनआयएच म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था). गेल्या आठवड्यात दुखणं कुठे होतं, किती होतं, लघवीचा त्रास किती, रोजच्या जगण्यावर परिणाम किती. एकूण ० ते ४३ गुण. दर भेटीत तीच भरायची आणि गुण कमी होतायत का ते बघायचं. माझ्या दुखण्याचं मोजमाप कुणीतरी पहिल्यांदाच केलं होतं. पुढे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी सुरू झाली, सोबत टॅम्सुलोसिन (लघवीचा मार्ग सैल करणारी गोळी). पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही, पण आता बैठकीत तासभर बसू शकतो.

ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि तरी दुखतंय त्यांनी हे जरूर वाचावं: नॉर्मल रक्त म्हणजे तुमचं दुखणं खोटं असं नाही.

सायली_ल
गच्चीवरचा, हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल खरंच कौतुक. माझा नवरा यातलं निम्मंही डॉक्टरांना सांगत नाही. हा प्रतिसाद त्याला आज वाचून दाखवणार आहे.

तर्कटराव
इथे अँटिबायोटिकचा कुणी उल्लेखच करत नाहीये म्हणून लिहितो. माझा पीएसए ६.१ होता, त्रास काहीही नाही. डॉक्टरांनी महिनाभर सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, नंतर ३.४ आला. म्हणजे सूज होती आणि ती गेली. साधा, सरळ उपाय. धुकेरी, दादांना कोर्स करायला सांगा, आकडा उतरला तर कॅन्सर नाही असं समजा आणि निवांत झोपा.

पॅथकाका
तर्कटराव, तुमचा आकडा उतरला याचा आनंद आहे, पण शेवटच्या वाक्याशी पूर्ण असहमत. कुणी त्यावर विसंबून राहू नये म्हणून स्पष्टच लिहितो.

काहीच उपचार केले नाहीत तरी पीएसए पुष्कळदा आपोआप उतरतो. काहीही न बदलता एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत १५ ते २० टक्के फरक सहज पडतो. अँटिबायोटिक दिलेले आणि न दिलेले असे गट करून तुलना झाली आहे, त्यात लक्षणं नसलेल्यांना गोळ्यांचा ठोस फायदा दिसला नाही. आणि कॅन्सर असतानाही गोळ्यांच्या काळात आकडा उतरू शकतो. त्यामुळे 'उतरला म्हणजे सुटलो' हा निष्कर्ष धोक्याचा आहे.

शिवाय सिप्रोच्या गटातली औषधं निरुपद्रवी नाहीत. टाचेमागचा स्नायुबंध तुटण्याचा धोका असतो, उतारवयात आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत जास्तच. जिवाणूचा पुरावा असेल तर ती जरूर घ्यावीत, जुनाट जंतुसंसर्गात चार ते सहा आठवडेसुद्धा. नुसता आकडा वाढला म्हणून घेऊ नयेत.

रानजाई
अगदी. बाबांच्या कल्चरमध्ये निघालेला ई. कोलाय सिप्रोला जुमानत नव्हता. आधी कधीतरी कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी त्याच गोळ्या घेतल्या होत्या. मग सलाईनमधून दुसरं औषध द्यावं लागलं. गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर दिलेलं असणं किती मोलाचं असतं, ते आम्ही तेव्हा शिकलो.

तर्कटराव
मुद्दा पटला. माझं कल्चर केलंच नव्हतं. पण मग एक सांगा, सूज की कॅन्सर हे ठरवायचं कशावर? फ्री पीएसए म्हणून एक तपासणी असते ना?

निळासावळा
हो, तीच विचारणार होतो. माझ्या रिपोर्टवर 'फ्री १४ टक्के' असं आहे.

पॅथकाका
रक्तातला काही पीएसए इतर प्रथिनांना चिकटलेला असतो, काही मोकळा. एकूण आकडा ४ ते १० च्या मधल्या पट्ट्यात असेल तेव्हा मोकळ्याचं प्रमाण बघतात. ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. मधे जागा बरीच आहे आणि निळासावळा, तुम्ही त्या मधल्या जागेत आहात, त्यामुळे एवढ्यावरून कुणीच काही ठामपणे सांगू नये.

धुकेरींच्या प्रश्नाच्या दृष्टीने अडचण अशी, की तीव्र सुजेतही मोकळ्या पीएसएचं प्रमाण घसरतं, अगदी कॅन्सरमध्ये घसरतं तसंच. त्यामुळे सूज आणि कॅन्सर वेगळे करायला ही तपासणी दादांच्या जळजळीच्या दिवसांत केली असती तर उलट घोटाळाच झाला असता.

आडवाटेवरचा
मी जरा विरोधी बाजू मांडतो. पीएसए करायचाच कशाला? १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अँटिजेनचं वर्णन करणाऱ्या रिचर्ड अॅब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट चाळणीला (लक्षणं नसलेल्या सगळ्यांचीच तपासणी करण्याला) कडाडून विरोध केला होता. अमेरिकेत या तपासणीला १९८६ मध्ये परवानगी मिळाली ती आधीच कॅन्सर असलेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून वापरायची परवानगी १९९४ ची. ४ ते १० च्या पट्ट्यातल्या चार जणांत साधारण एकाला बायोप्सीत कॅन्सर सापडतो. उरलेल्या तिघांना सुया टोचून काय मिळालं?

पॅथकाका
उरलेल्या तिघांपैकी कित्येकांच्या तुकड्यांत मला सूजच दिसते. लक्षण काही नाही, फक्त तुकड्यात सूज. एनआयएचच्या वर्गीकरणात तो चौथा प्रकार. पहिला तीव्र जंतुसंसर्ग (रानजाईंचे बाबा), दुसरा जुनाट जंतुसंसर्ग, तिसरा जंतू न सापडणारं जुनाट दुखणं (गच्चीवरचा). नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण या तिसऱ्यात मोडतात.

तुमचा मुद्दा खोडून काढत नाही. सरसकट चाळणीवरचा वाद खरा आहे. पण उलटी बाजूही आहे: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याखाली असलेल्या पुरुषांच्याही बायोप्सी केल्या, तेव्हा १५ टक्क्यांत कॅन्सर सापडला. म्हणजे ४ ही काही लक्ष्मणरेषा नाही. एका आकड्यावरून घाबरू नये आणि एका आकड्यावरून निर्धास्तही होऊ नये.

खडूस_आजोबा
माझं वय ७४. लघवी अडली म्हणून नळी घातली आणि त्याच मुक्कामात कुणीतरी पीएसए पण पाठवला. आला २२. मुलगा परदेशातून निघायच्या तयारीत. आमच्या डॉक्टरांनी त्याला फोनवर थांबवलं, नळी काढून सहा-आठ आठवडे जाऊ द्या म्हणाले. मग आला ५.२. माझ्या वयाला आणि माझ्या ग्रंथीच्या आकाराला तो चालतो म्हणाले.

माझं तरुणांना एवढंच सांगणं आहे: रक्त काढणाऱ्याला नळी, ताप, जळजळ सगळं सांगा. लाजू नका. नळी लपवायला जागा तरी कुठे असते!

सायली_ल
आजोबा :)

पॅथकाका, मग तपासणीआधी काय काय पाळायचं ते एकदा सांगाल का? वाचनखूण साठवून ठेवते.

पॅथकाका
सांगतो. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा तीव्र सूज झाली असेल तर बरं झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा. काहींचा आकडा पूर्ण खाली यायला त्याहून जास्त, म्हणजे काही महिने लागतात. बायोप्सीनंतरही निदान सहा आठवडे. वीर्यपतन ४८ तास टाळा. शक्यतो दर वेळी त्याच प्रयोगशाळेत द्या, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. केस-नखांसाठी बायोटिनचे मोठे डोस घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्याने पीएसए खोटा कमी येतो.

आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, म्हणजे वाढलेली प्रोस्टेट लहान करणाऱ्या गोळ्या. ही सहा महिने घेतली की पीएसए साधारण निम्मा होतो. डॉक्टरांना माहीत नसेल तर ३ चा आकडा बघून ते निश्चिंत होतील, जो खरं तर ६ च्या घरातला आहे.

चष्मिष
अवांतर विचारतो. मी ३८ वर्षांचा, केस गळतात म्हणून फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची गोळी घेतो. तो डोस तर लहान आहे, त्यानेही फरक पडतो?

पॅथकाका
पडतो. त्या डोसनेही आकडा जवळपास निम्म्यावर येतो. पुढे कधी पीएसए करायची वेळ आली तर या गोळीचं नाव आधी सांगायचं.

बोरूबहाद्दर
आणि सायकल? मी रोज बराच वेळ सीटवर असतो.

पॅथकाका
त्यावर अभ्यासांत एकमत नाही. तपासणीआधी दोन दिवस सायकल टाळली तर बिघडत काही नाही.

बोरूबहाद्दर
म्हणजे प्रयोगशाळेत चालत जायचं. ठरलं.

निळासावळा
एक बाळबोध शंका. प्रोस्टेटमधूनच द्रव काढून तपासता येत नाही का? रक्तात एवढं शोधत बसण्यापेक्षा सरळ तिथेच बघावं.

पॅथकाका
शंका बाळबोध मुळीच नाही, जुनाट जंतुसंसर्गाचं निदान असंच होतं. मिअर्स आणि स्टॅमी यांनी १९६८ मध्ये चार भांड्यांची पद्धत सांगितली: सुरुवातीची लघवी, मधली लघवी, मग बोटाने प्रोस्टेट दाबून आलेला द्रव, आणि त्यानंतरची लघवी. चारही नमुन्यांचं कल्चर. आता बरेच जण दोनच नमुने घेतात, दाबण्याआधीचा आणि नंतरचा. नंतरच्या नमुन्यात जंतू आणि पांढऱ्या पेशी ठळक वाढल्या तर मुक्काम प्रोस्टेटमध्ये आहे असं समजायचं. वारंवार तोच जंतू लघवीत सापडणाऱ्या माणसाला ही तपासणी फार उपयोगी.

मात्र थंडी-ताप असलेल्या तीव्र सुजेत प्रोस्टेट दाबायची नाही. जंतू रक्तात ढकलले जातात. हलक्या हाताने तपासणं वेगळं, दाबून द्रव काढणं वेगळं.

रानजाई
बाबांच्या वेळी आणखी एक गोष्ट कळली, ती इथे नोंदवते. औषध सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन केला, आत पू साठलाय का ते बघायला. बाबांना मधुमेह आहे आणि अशांत हा धोका जास्त असतो म्हणाले. सुदैवाने पू नव्हता. त्यामुळे थंडी वाजून ताप आणि लघवीला त्रास असा पुरुष घरात असेल तर धागे वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी अडली असेल तर तासभरही थांबू नका.

आडवाटेवरचा
रानजाईंना +१. आणि पॅथकाका, एवढा वेळ काढून लिहिताय, त्याबद्दल आभार. माझा विरोध अजून तसाच आहे, पण तो आता नेमका कशाला आहे ते मला जास्त स्पष्ट झालं.

धुकेरी
बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचे प्रतिसाद वहिनीला आणि दादाला वाचून दाखवले होते. गच्चीवरच्यांचा वाचल्यावर दादाने पहिल्यांदा कबूल केलं, की जळजळ तो सांगत होता त्यापेक्षा बरीच जास्त होती.

युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी बोटाने तपासलं, गाठ लागली नाही. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, म्हणून मग औषध दिलं. ते संपून आठ आठवडे झाल्यावर त्याच प्रयोगशाळेत पुन्हा पीएसए केला, आता ४.६ आहे. लघवी स्वच्छ. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ मिलिलिटर, म्हणजे वाढलेली. बायोप्सीची घाई नको, तीन महिन्यांनी पुन्हा पीएसए, चढला तर एमआरआय, असं ठरलंय. वहिनीला अजून धाकधूक आहे. ४.६ म्हणजे ४ च्या वरच ना, असं ती विचारते. तिला काय सांगू?

पॅथकाका
वहिनींची शंका रास्त आहे. त्यांना हा हिशोब दाखवा. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचं. ४.६ भागिले ४८ म्हणजे सुमारे ०.१०. ०.१५ च्या वर गेलं की आम्ही जास्त सावध होतो. आधीच्या ७.८ ला हाच भागाकार ०.१६ आला असता. म्हणजे आकडा उतरलाय आणि जो उरलाय त्यातला बराचसा वाढलेल्या ग्रंथीने समजावता येतो. शंभर टक्के हमी कुणी देणार नाही, म्हणूनच तीन महिन्यांनंतरची तपासणी चुकवायची नाही. पुढे एमआरआय झालाच तर रेडिओलॉजिस्टला संसर्ग होऊन गेल्याचं आवर्जून सांगा. जुनी सूज तिथेही कॅन्सरसारखी दिसू शकते.

धुकेरी
भागाकार वहिनीने स्वतः कागदावर करून बघितला. तीन महिन्यांनंतरची तारीख तिनेच कॅलेंडरवर टाकली आहे, आणि दोन्ही रिपोर्ट, कल्चर, सोनोग्राफी एका फाइलला लावलंय. आकडा आला की इथे कळवते.

खडूस_आजोबा
फाइलमध्ये चालू गोळ्यांची यादीही ठेवा. मला दर वेळी तीच विचारतात.